आई-बाबांना कुठे ठेवावे? नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शक

प्रथम पात्रता तपासून घ्यावी. आपलं वय पन्नास ते पासष्टच्या दरम्यान असावं आणि स्वतःला रक्तदाबाची एक तरी गोळी सुरू असावी. भावंडांपैकी एक परदेशात, एक त्याच शहरात आणि एक 'माझं काय, तुम्ही ठरवाल ते' या भूमिकेत असावं. आई किंवा वडील ऐंशीच्या पुढचे असून अलीकडेच बाथरूममध्ये पडलेले असावेत. (पडायला बाथरूमच का आणि वेळ पहाटे चारचीच का, हा पुढच्या इयत्तेचा विषय आहे.)

पडल्यावर खुब्याचं ऑपरेशन होतं आणि ते यशस्वी होतं. चार-पाच दिवसांनी राउंडला आलेले डॉक्टर सहज म्हणून जातात, 'उद्या घरी न्यायला हरकत नाही.' ही आपली प्रवेशपरीक्षा. घरी म्हणजे कोणाच्या घरी, तिथे दिवसभर कोण असतं, रात्री दोनदा उठून कमोडपर्यंत कोण नेणार, हे डॉक्टर विचारत नाहीत. ते पुढच्या खाटेकडे वळलेले असतात. अभ्यासाला एक रात्र मिळते. असंख्य कुटुंबांनी हा निर्णय अशाच एका रात्रीत, इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये, गार झालेल्या चहासमोर घेतलेला आहे. संस्कृती वगैरेंचा विचार त्या वेळी कोणी करत नाही. तो नंतर, लोकांना कारण सांगताना करायचा असतो.

धडा पहिला : जन्माआधी देश निवडा

हा धडा बहुतेकांचा हुकलेला असतो, तरी माहिती असावी.

जपानमध्ये जन्म घेतलात तर चाळिशी लागताच शुश्रूषा-विम्याचा हप्ता सुरू होतो. २००० सालापासून ही योजना सक्तीची आहे. म्हातारपणी गरज पडली की पालिकेतर्फे माणूस घरी येतो आणि चौऱ्याहत्तर मुद्द्यांचा तक्ता भरतो. कूस बदलता येते का, स्वतःची नखं कापता येतात का, सध्या कोणता ऋतू चालू आहे ते सांगता येतं का. त्यावरून सात पायऱ्यांपैकी आपली पायरी ठरते आणि पायरीप्रमाणे सेवा मिळते. खर्चाचा दहावा हिस्सा आपण भरायचा, मिळकत चांगली असेल तर तीन दशांशपर्यंत. अनुदानित शुश्रूषागृहात २०१५ पासून साधारणपणे वरच्या तीन पायऱ्यांवरच्यांनाच प्रवेश आहे. मुलाचं आईवर प्रेम किती, हा मुद्दा त्या चौऱ्याहत्तरांत नाही.

त्याआधीचा जपान मात्र आपल्याला ओळखीचा वाटेल. आई-वडिलांना संस्थेत ठेवणं म्हणजे चारचौघांत नाचक्की. १९७३ साली सत्तरीपुढच्यांचे औषधोपचार मोफत झाले आणि कुटुंबांना तोड सापडली: म्हाताऱ्यांना इस्पितळात दाखल करायचं आणि तिथेच राहू द्यायचं, महिनोन् महिने. इस्पितळात असलेला माणूस आजारी असतो, आणि आजारी माणसाच्या मुलाला कोणी नावं ठेवत नाही. 'जरा अशक्तपणा आहे, म्हणून अजून ठेवलंय' हे वाक्य पुण्या-मुंबईत ज्यांनी ऐकलं आहे, त्यांनी जपानला परका समजू नये.

जर्मनीत असाच विमा १९९५ पासून आहे. तिथे सेवेऐवजी रोख रक्कम घेऊन घरच्या घरी बघायचीही मुभा आहे. शुश्रूषागृहाचा सगळा खर्च विमा उचलत नाही. उरलेला आधी म्हातारीच्या पेन्शनमधून, मग तिच्या पुंजीतून, ती संपली की समाजकल्याण खात्याकडून. मुलाकडे मागायचं तर त्याची वार्षिक मिळकत एक लाख युरोच्या वर हवी. हा नियम २०२० पासूनचा. श्रावणबाळ व्हायचं की नाही, हे तिकडे आयकराच्या कागदावरून ठरतं.

नेदरलँडमध्ये जन्मणाऱ्याने स्मृतिभ्रंशाला घाबरू नये. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या वेस्प गावी २००९ साली होगवेक नावाची वस्ती सुरू झाली. आत चौक आहे, किराणा दुकान आहे, उपाहारगृह आहे. रहिवासी सगळे स्मृतिभ्रंश बळावलेले, आणि गल्ल्यावर बसलेला माणूसही त्यांना कसं सांभाळायचं ते शिकलेला. सुरुवातीला घरांची विभागणी राहणीप्रमाणे सात प्रकारांत होती: कारागिरांचं घर, शहरी लोकांचं घर, देवाधर्माचं घर, उच्चभ्रूंचं घर, इंडोनेशियाच्या वसाहतीशी नातं असलेल्यांसाठीही एक, आणि तिथला स्वयंपाकही त्याच वळणाचा. हा प्रयोग पुण्यात करायचा झाल्यास आमटीत गूळ घालणाऱ्यांचं आणि न घालणाऱ्यांचं घर शेजारी-शेजारी बांधू नये. मुलांची नावं विसरल्यावरही हा मुद्दा शाबूत राहतो.

अमेरिकेचा नियम सुटसुटीत आहे: आधी गरीब व्हा. मेडिकेअर या वृद्धांच्या विम्यातून शुश्रूषागृहाचे जास्तीत जास्त शंभर दिवस मिळतात, तेही इस्पितळानंतरच्या उपचारांपुरते. कायमचं राहायचं तर महिन्याला नऊ-दहा हजार डॉलर स्वतःच्या खिशातून, आणि खिसा रिकामा झाला की गरिबांसाठीची मेडिकेड योजना. घर मुलाच्या नावावर करून गरिबीचं सोंग आणता येऊ नये म्हणून बहुतेक राज्यांत मागच्या पाच वर्षांचे व्यवहार तपासतात. तिथला म्हातारा सत्तरीतच 'मला मुलांवर ओझं व्हायचं नाही' असं म्हणतो आणि त्याप्रमाणे कागदांवर सह्या करून ठेवतो. आपल्याकडेही हे वाक्य म्हणतात, पण ते 'ओझं कसलं गं, आई!' हे उत्तर ऐकण्यासाठी. अमेरिकन मुलगा ते खरं धरतो. सांस्कृतिक फरक म्हणतात तो इथे आहे, आणि बराचसा इथेच आहे.

मूळचे मराठी आणि राहणारे न्यू जर्सीचे असाल, तर दोन्ही अभ्यासक्रम एकदम करावे लागतात. आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळवून दिलंत तरी मेडिकेअर विकत घ्यायचा हक्क पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतरच. मेडिकेडसाठीही साधारण तेवढीच वाट. त्या पाच वर्षांत त्यांनी नातवंडं सांभाळावीत, थंडीत बाहेर जाऊ नये आणि कोणत्याही परिस्थितीत पडू नये. फ्लोरिडात टॅव्हारेस गावी शांतिनिकेतन नावाची भारतीय निवृत्तांची वसाहत आहे. तिथे शाकाहारी जेवण मिळतं. राहायला येतात ते आई-वडिलांना इकडे ठेवून ज्यांनी विमान पकडलं होतं त्या पिढीतले. त्यांची मुलं अमेरिकेतच वाढलेली. ओझ्याचं वाक्य त्यांच्यासमोर जपून म्हणावं.

कायद्यावर भिस्त असेल तर पूर्वेकडे बघा. सिंगापूरने १९९५ मध्ये आई-वडिलांच्या पोटगीचा कायदा केला. चीनने २०१३ पासून वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी वारंवार भेटीला जावं, असं कायद्यातच लिहिलं. वारंवार म्हणजे किती, ते लिहिलं नाही. आपला कायदा २००७ चा. त्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना १० हजार रुपये, आई-वडिलांना वाऱ्यावर सोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम, अशी तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यातला तो कुठे आहे, हे शोधून काढणं हा उत्तम स्वाध्याय होईल. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं १९७० साली, म्हणून अप्पासाहेब बेलवलकर वणवण फिरले. आज ते प्रांत कार्यालयात अर्ज करतील, तिथे वकीलही लागत नाही, आणि बक्षीसपत्रात अट घातलेली असेल तर नाटक दुसऱ्या अंकातच आटोपेल. अट घातलेली नसेल, तर पुढचे अंक आहेतच.

धडा दुसरा : 'आपल्याकडे असं नसतं' हे वाक्य तोंडपाठ करा

हे वाक्य आरशासमोर तीनदा म्हणावं. म्हणताना खालील गोष्टी आठवू देऊ नयेत.

पुण्यात नव्या पेठेत 'निवारा' आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेला दीडशेहून अधिक वर्षं झाली, म्हणजे टिळक-आगरकरांचा 'केसरी' निघाला तेव्हा पुण्यात निराधार म्हाताऱ्यांना ठेवायची जागा होती. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतली प्रोव्हेदोरिया आजही सरकारी खातं म्हणून वृद्धाश्रम चालवते. मुंबईच्या पारशांनी म्हाताऱ्यांची धर्मशाळा ही समाजाने चालवायची गोष्ट मानली, आणि त्याबद्दल कोणी मान खाली घातलेली नाही. आणि काशी? उतारवयात काशीवासाला जाणं पुण्याचं मानत. विधवा काकूला तिकडे पोचवून आलं की त्या पुण्यातला मोठा वाटा पोचवणाऱ्याच्या पदरी पडे. काशीच्या मुक्तिभवनात १९५८ पासून मरणाच्या वाटेवरच्या माणसाला घेऊन नातेवाईक उतरतात. मुदत साधारण दोन आठवड्यांची. तेवढ्यात मोक्ष मिळाला नाही तर खोली सोडायची: आपण जरा लवकर आलात.

एवढं सगळं बाजूला ठेवून 'आपल्याकडे असं नसतं' हे वाक्य खणखणीत म्हणता आलं, की पुढच्या धड्याकडे वळावं.

धडा तिसरा : बाई शोधा

हा पुस्तकाचा गाभा. बाकीचे धडे गाळले तरी चालतील.

म्हाताऱ्या माणसाचं करणं म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना डोकं उंच ठेवावं लागतं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. डायपर, कॅथेटरची पिशवी, नाकातून पोटात गेलेली नळी असेल तर तिचं पाणी. रात्री 'ए कोण आहे रे?' अशी हाक, आणि तीच दहा मिनिटांनी पुन्हा. हे काम कोणीतरी दोन हातांनी करतं. ते हात कोणाचे, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने लपवतो. या लपवण्याला कुटुंबसंस्कृती म्हणतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

जपानमध्ये ते हात थोरल्या सुनेचे असत. विमा येऊ घातला तेव्हा तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनी एक मुद्दा लावून धरला: कुटुंबाला रोख पैसे देऊ नका, सेवाच द्या. पैसे दिले तर ते घरात जातील आणि सून पलंगाशी तशीच उभी राहील. जपानी सरकारने ते ऐकलं. वाटाघाटीत सुनेची बाजू जिंकल्याची उदाहरणं जगात फार नाहीत, म्हणून हे इथे नोंदवून ठेवलं.

जर्मनीने पैसे दिले. मग अनेक कुटुंबांनी ते घेऊन पोलंडहून बाई आणली. ती घरातच राहते, काही आठवड्यांनी गावी जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. इटलीत युक्रेन, रुमानिया आणि मोल्दोव्हाच्या बायका हे काम करतात. इटालियन माणूस आईला संस्थेत ठेवत नाही, अशी त्याची ख्याती आहे, आणि ती खरीही आहे. आईजवळ रात्री मोल्दोव्हाची बाई झोपते, एवढंच.

पुण्या-मुंबईत ब्यूरोची बाई असते. तिला मावशी म्हणायचं. वडिलांसाठी पुरुष लागला तर त्याला मामा. या नात्यांमुळे पगार ठरवताना थोडं सोपं जातं. ब्यूरोला आधी कमिशन द्यायचं. बारा तासांची बाई हवी की चोवीस तासांची, हे विचारतात. चोवीस तासांची बाई चोवीस तास काम करते, आणि झोपते कधी हे ब्यूरोच्या फॉर्मवर विचारलेलं नसतं. तिने टीव्ही पाहू नये, मोबाइलवर बोलू नये, आईच्या खोलीत जमिनीवर झोपावं, चहा वेगळ्या कपात प्यावा आणि 'अगदी घरच्यासारखं' करावं, अशी अपेक्षा ठेवायची. तिची स्वतःची सासू गावी कोणाच्या भरवशावर असते? हा प्रश्न विचारू नये. उत्तर मिळण्याची भीती असते.

ही साखळी कुठवर जाते ते पाहायचं असेल तर २०२४ चं एक सरकारी पान उघडा. महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि हव्या असलेल्या कामांत परिचारिका आणि शुश्रूषा करणारे आहेत. त्यासाठी आपली मुलं-मुली जर्मन शिकायला लागली. म्हणजे त्या राज्यातल्या श्टुटगार्टच्या आजींना कुशीवर वळवायला साताऱ्याहून किंवा लातूरहून कोणी जाईल, आणि श्टुटगार्टमध्ये मोटारींच्या कारखान्यात काम करणारा मराठी इंजिनिअर रात्री पुण्याच्या ब्यूरोला फोन लावून विचारेल, 'मावशी आज आल्या नाहीत का?'

प्रत्यक्ष कृती अशी. कोरा कागद घ्या. वर लिहा: आईचं कोण करणार? खाली एकच नाव लिहा. ते सुनेचं निघालं तर तुमचं घर परंपरेला धरून आहे. अविवाहित मुलीचं निघालं तर तेही परंपरेला धरूनच आहे. तिच्या नोकरीबद्दल 'तसाही तिचा पगार फारसा नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मुलाचं निघालं तर कागद उलटा धरलाय का ते बघा. सूनच नोकरीला जाते म्हटल्यावर आपली हजारो वर्षांची संस्कृती एका पिढीत कशी बदलली, याचं आश्चर्य वाटून घेऊ नये. ती संस्कृती तिच्या मनगटावर उभी होती, आणि ते मनगट आता सकाळी ८.१०ची लोकल पकडतं.

धडा चौथा : बैठक

बैठक व्हिडिओ कॉलवर भरते, भारतात रात्री आणि अमेरिकेत सकाळी, म्हणजे एक बाजू दमलेली आणि दुसरी घाईत. जो सर्वांत कमी करतो तो सर्वांत जास्त बोलतो, हा नियम जगभर सारखा आहे. १९९१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी वृद्धांच्या वैद्यकातल्या एका नियतकालिकात 'कॅलिफोर्नियाच्या मुलीचा विकार' नोंदवला: रोज करणारे लोक डॉक्टरांशी बोलून काहीतरी ठरवतात, तेवढ्यात लांब राहणारी मुलगी विमानातून उतरते, सगळे उपचार पुन्हा सुरू करायला लावते आणि परत जाते. खुद्द कॅलिफोर्नियातले डॉक्टर तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा मुलगा असते आणि दोन आठवड्यांची रजा घेऊन येते. तो आल्या आल्या मावशींना कामावरून काढतो, एक एअर प्युरिफायर आणतो, फॅमिली डॉक्टर बदलायला सांगतो आणि विमानतळावर रडतो. रडणं खरं असतं. त्याची चेष्टा करू नये. पण तो गेल्यावर नवी मावशी कोणी शोधायची, हे त्याच्याकडून विमान सुटण्याआधी लिहून घ्यावं.

बैठकीत बोलण्याचे विषय: खर्चाची वाटणी, फ्लॅटचं काय, सोसायटीचा रिडेव्हलपमेंटचा ठराव, आणि आईचं हयातीचं प्रमाणपत्र नोव्हेंबरात कोण देणार. टाळण्याचे विषय: वाटणीतला ज्याचा त्याचा हिस्सा नेमका किती. सूनबाई बैठकीत नसतात. त्या चहा करत असतात आणि नंतर 'तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत ना?' एवढंच विचारतात. आई शेजारच्या खोलीत असते. तिला कमी ऐकू येतं, असं सगळे धरून चालतात.

आईला विचारायचं नाही, हे सांगायची गरज नसावी. तरी नवशिके कधी कधी विचारून बसतात आणि गोंधळ उडतो, कारण उत्तर अपेक्षेबाहेरचं येतं. 'मला कुठेही न्या, पण धाकटीकडे नको.' 'पाहून तर येऊ, तिथे भजनी मंडळ आहे म्हणे.' 'मी या घरातून हलणार नाही आणि मला ती मावशीही नको.' तिन्ही उत्तरं आईचीच असू शकतात, एकाच आठवड्यातली. त्याहून अवघड प्रकार म्हणजे स्वतःच ठरवणारे आई-बाबा. पुण्यात 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती आता नव्या राहिलेल्या नाहीत. नेरळला 'डिग्निटी' आहे. साठी-पासष्टीतलं जोडपं लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकून तिथे चालत्या पायांनी राहायला जातं आणि मग मुलांना कळवतं. मुलं हादरतात. 'आम्ही काय मेलो होतो का?' असं म्हणतात. आई-वडिलांना ठेवल्यावर होते त्याहून जास्त बदनामी ते स्वतः गेल्यावर होते. मुलांना यात 'आम्ही खूप प्रयत्न केला' म्हणायचीही संधी उरत नाही. लेखकाच्या पाहण्यातले सर्वांत मजेत असलेले म्हातारे मात्र याच प्रकारातले आहेत.

धडा पाचवा : संस्था पाहायला जाणे

नवशिके फोन करून, रविवारी सकाळी अकराला, सहकुटुंब जातात. त्यांना दर्शनी भागातला गणपती दिसतो, बाग दिसते आणि ऑफिसात चहा मिळतो. परतताना सगळे म्हणतात, 'स्वच्छ आहे हो.' बाग भेटायला येणाऱ्यांसाठी असते. पहिल्या मजल्यावरचा पलंगाला खिळलेला माणूस ती पाहत नाही.

थोडे अनुभवी लोक न कळवता, मधल्या वारी, संध्याकाळी सातनंतर जातात. तेव्हा दिवसपाळी संपलेली असते आणि किती माणसांमागे किती कर्मचारी उरतात ते मोजता येतं. आत शिरताच वास घ्यावा. लघवीचा वास आला तर वाईट. फिनेलचा फार आला तर तोही संशयास्पद. रहिवाशांची नखं पाहावी. घंटा हाताला लागेल अशी आहे की भिंतीवर शोभेला आहे, ते पाहावं. पाण्याचा तांब्या पोचेल इतक्या अंतरावर आहे का? किती जणांच्या पाठीला जखमा आहेत असं थेट विचारावं; 'एकाच्याही नाही' हे उत्तर चटकन आलं तर दोघांची पाठ पाहू द्या म्हणावं. रात्री डॉक्टर असतो की फोनवर असतो? इस्पितळात कधी न्यायचं हे कोण ठरवतं, आणि नेल्यावर पलंगाशी कोण बसतं? डिपॉझिट परत कधी मिळतं, आणि माणूस महिन्याच्या तीन तारखेला गेला तर पूर्ण महिन्याचे पैसे घेतात का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून तो लिहून न्यावा.

आईला जायचं असेल तर तिला बरोबर न्यावं. ती यातलं काहीच पाहणार नाही. ती स्वयंपाकघरात डोकावून, पोळ्या हाताने लाटतात की आणतात, एवढं विचारेल. तिचा निकष बहुधा बरोबर असतो.

नातेवाइकांना कसं सांगावं, यावर स्वतंत्र धड्याची गरज नाही. 'फिजिओथेरपीसाठी तात्पुरतं ठेवलंय' हे दोन वर्षं चालतं. आत्या रडेल, मामा अबोला धरेल, आणि कोणीतरी टीव्हीवर लागलेला 'बागबान' पाहून तुम्हाला रात्री साडेअकराला फोन करेल. हा सिनेमा २००३ चा असला तरी दर दिवाळीला ताजा होतो. फोन करणाऱ्याला एकच विनंती करावी: 'पुढच्या शनिवारी दुपारी तीन ते सहा मला बाहेर जायचंय, तेवढा वेळ आईजवळ बसाल का?' यानंतर संस्कृतीचा विषय सहसा निघत नाही.

गृहपाठ

इथवर वाचलंत म्हणजे बहुतेक तुमची पन्नाशी उलटलेली आहे, आणि पुढची प्रवेशपरीक्षा तुमच्याच नावावर लागणार आहे. तेव्हा मुलांवर अशी एका रात्रीत ठरवायची वेळ आणू नका. चालता-बोलता असताना बसून सांगा: कुठे राहायला आवडेल, कुठे मुळीच नाही, किती पैसे बाजूला काढलेत आणि ते कुठे आहेत, नाकातून नळी घालायची की नाही, शेवटी इस्पितळ की घर. उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवणारं पूर्वनिर्देशपत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. घराचं बक्षीसपत्र करणारच असाल तर सांभाळण्याची अट त्यात शब्दांत लिहा, मनात नको. आई-वडिलांचा किंवा शेजारच्या आजोबांचा प्रश्न आजच दारात उभा असेल तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे; फोन मोफत लागतो. आणि आज घरी गेल्यावर शेजारच्या खोलीत जाऊन आईला विचारा. तिला ऐकू येतं.